अंगणातले अनोळखी सदाहरित झुडूप: पिएरिस की दुसरेच काही?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियापासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत कुठल्याही जुन्या वस्तीत फिरा, घराच्या दर्शनी भिंतीलगत एक झुडूप हमखास दिसते. उंची कमरेपासून डोक्याच्या थोडी वरपर्यंत, पाने बाराही महिने हिरवी आणि चकचकीत, मार्च-एप्रिलमध्ये पांढऱ्या फुलांचे लोंबते घोस. बहुतेक वेळा ते जपानी पिएरिस, म्हणजे पिएरिस जॅपोनिका असते. नर्सरीवाले त्यालाच अँड्रोमेडा म्हणतात. पण ‘बहुतेक वेळा’वर थांबू नये. त्याच भिंतीलगत हीथ कुळातली, म्हणजे एरिकेसीमधली, आणखी तीन-चार झुडपे लावलेली असतात, आणि परक्या कुळातली दोन त्यांच्यासारखीच दिसतात. महाराष्ट्रात हे कुळ सहसा नजरेस पडत नाही. ऱ्होडोडेंड्रॉन पाहिला असेल तर तो निलगिरीत किंवा हिमालयात. त्यामुळे डोळ्याला सवय नसते आणि फुलाच्या एका फोटोवर मोबाइल जे नाव सांगेल ते खरे मानले जाते.

सुरुवातीलाच एक ताकीद: पान, फूल, फळ, मध काहीही चाखून पाहू नका. पिएरिस आणि त्याच्याच कुळातली काल्मिया, ल्यूकोथो आणि ऱ्होडोडेंड्रॉन या चौघांतही ग्रेयानोटॉक्सिन हे विष असते. त्याने उलट्या होतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. लहान मूल किंवा कुत्रे-मांजर पाने चघळताना दिसले तर झुडपाचे नाव शोधत न बसता आधी डॉक्टर किंवा पशुवैद्य गाठा.

नमुना नीट घेतला की अर्धे काम झाले. नुसते फूल खुडू नका. 15-20 सेंटिमीटरची अशी डहाळी कापा की तिच्यावर जुनी पाने, नवा फुटवा, फुलोरा आणि जमल्यास गेल्या वर्षीची वाळकी बोंडे असतील. फोटो पाच घ्या: पूर्ण झुडूप, डहाळी, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि फुलोरा फांदीला जिथे जोडला आहे ती जागा. हा शेवटचा फोटो जवळजवळ सगळे विसरतात, आणि निकाल बहुधा त्याच्यावरच लागतो. सोबत 10 पट भिंग, नवे ब्लेड आणि एक सुई ठेवा.

आता पाने. पिएरिसची पाने एकाआड एक असतात, पण शेंड्याशी इतकी दाटतात की एका वळशात असल्याचा भास होतो. देठांचे चट्टे खाली मोजत गेलात की खरी मांडणी कळते. पान 3 ते 9 सेंटिमीटर, टोकाकडे रुंद, कडेला बारीक बोथट दाते. कडेवरून नख फिरवा, दाते लगेच जाणवतात. काल्मिया आणि ऱ्होडोडेंड्रॉनची कड अखंड, गुळगुळीत असते. नवा फुटवा तांबूस किंवा लालबुंद असला तर पिएरिसचा संशय बळावतो. मात्र एवढ्यावर निर्णय देऊ नका, कारण कुंपणाला लावतात तो फोटिनियाही लालच फुटतो. फोटिनिया गुलाबाच्या कुळातला. त्याची फुले सपाट झुबक्यात येतात आणि पाकळ्या सुट्या असतात. त्याच कुळातल्या चेरी लॉरेलचे पान चुरगळले की कडू बदामाचा वास येतो. असा वास आला की हीथ कुळ सोडूनच द्या.

फुलाशी मात्र घाई करू नका. पिएरिसचे फूल संक्रांतीचे सुगड उलटे टांगावे तसे: पोट फुगीर, तोंड आवळलेले, काठाला पाच इवल्या पाळ्या, लांबी जेमतेम 6-8 मिलिमीटर. पाकळ्या एकमेकींना जुळलेल्या असल्याने झुडपाखाली सबंध फुले पडलेली सापडतात, सुट्या पाकळ्या नाहीत. एक ताजे फूल ब्लेडने उभे चिरा आणि भिंगाखाली धरा. आत 10 पुंकेसर दिसतील. प्रत्येक परागकोश टोकाला छिद्राने उघडतो, उभ्या चिरेने नाही, आणि कोश जिथे तंतूला जोडतो तिथे दोन बारीक वाकडी शिंगे असतात. ही छिद्रे आणि शिंगे दिसली की हीथ कुळाबद्दल शंका उरत नाही. बीजांडकोश फुलाच्या आत, निदलांच्या, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेल्या छोट्या दलांच्या, वर असतो. तो निदलांच्या खाली असेल तर तुमच्या हातात ब्लूबेरीची भावंडे आहेत. फूल शिळे झाले की कोश काळवंडतात, म्हणून नुकते उमललेले फूलच घ्या.

सारखी दिसणारी फुले वेगळी करताना फुलोऱ्याची जागा पाहा. फांदीच्या शेंड्याला लोंबणारा, फाटे फुटलेला घोस असेल तर जपानी पिएरिस. तसाच पण ताठ उभा फुलोरा आणि कोवळ्या फांद्यांवर राठ केस असतील तर अपालाचियन डोंगरातला पिएरिस फ्लोरिबुंडा. फुलोरे कमानदार फांदीच्या लांबीभर पानांच्या बगलांतून निघत असतील, पान लांब आणि निमुळत्या टोकाचे असेल, थंडीत जांभळट होत असेल, तर ते ल्यूकोथो. सर्वांत जास्त गफलत याच्याशीच होते.

काल्मियाचे फूल उघड्या वाटीचे, 2 ते 2.5 सेंटिमीटर रुंद. वाटीत 10 खळगे आणि प्रत्येकात एकेक परागकोश अडकवलेला. सुईने हलकेच डिवचा, पुंकेसर ताडकन सुटून पराग उडवतो. ते पाहण्यासारखे असते, जरूर पाहा. ऱ्होडोडेंड्रॉनचे फूल मोठे नरसाळे. त्याच्या परागकोशाच्या छिद्राला सुई लावून ओढली तर पराग चिकट धाग्यांत गुंफलेला बाहेर येतो.

फुले नसताना? पिएरिसच्या पुढच्या वसंतातल्या कळ्या उन्हाळा सरता सरताच तयार होतात आणि थंडीभर शेंड्यांना लोंबत राहतात. ऑगस्टनंतर कात्री चालवलेल्या झुडपावर त्या नसतात. अशा वेळी कात्रीतून सुटलेल्या आतल्या फांद्या धुंडाळा, पाच फाकांत उकललेली गोल बोंडे मिळतील. पानांवर फिकट ठिपक्यांची जाळी आणि खाली काळे डाग असतील तर तो लेस बग या किड्याचा उपद्रव आहे. त्याला पानाचा मूळ रंग किंवा चितकबरी जात समजू नका. पिवळी पाने, हिरव्या शिरा हीही ओळखीची खूण नव्हे. माती पुरेशी आम्ल नसली की या कुळातल्या कुणाचेही असे होते.

एवढे करूनही अडलेच तर डहाळी किंचित ओल्या कागदात गुंडाळून बंद पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत काउंटीच्या एक्स्टेन्शन कार्यालयात, म्हणजे शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयात, न्या. चिठ्ठीवर तारीख, जागा, झुडपाची उंची, ऊन किती आणि फुलोरा शेंड्याला होता की बगलेत, एवढे लिहा.