लांबच्या फ्लाइटसाठी जादा टाकी लावताय? आधी व्हेंट आणि पाइप बघा

घरी बांधलेल्या विमानात जादा टाकी बसवली की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरी गोची टाकीत पेट्रोल असून ते इंजिनपर्यंत न पोचण्याची असते. 1986 साली डिक रुटान आणि जीना येगर व्हॉयेजर विमानातून न थांबता, वाटेत पेट्रोल न भरता जगाला चक्कर मारून आले, तब्बल 17 टाक्या होत्या, आणि शेवटच्या रात्री मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ मागचं इंजिन बंद पडलं. पेट्रोल होतं, पण लाइनमध्ये हवा शिरलेली! पुढचं इंजिन चालू केलं म्हणून वाचले.

तर सुरुवात व्हेंटपासून, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर जायची नळी. व्हेंट तुंबला की पंप टाकीतून ओढत राहतो, आत हवा येत नाही, मग फ्लो कमी होत होत बंद. उलटही होतं, 2005 मध्ये एकट्याने जगाला चक्कर मारणाऱ्या स्टीव्ह फॉसेटच्या ग्लोबलफ्लायर विमानाचं हजार किलोच्या वर इंधन व्हेंटमधूनच बाहेर गेलं. टाकी काठोकाठ भरू नका, 10 डिग्री तापमान वाढलं की 100 लिटरमागे साधारण 1 लिटर फुगतं.

जादा टाकीतून मेन टाकीत घेताना मेनमध्ये आधी जागा करा, नाहीतर महागाचं पेट्रोल व्हेंटमधून समुद्रात. आणि हे ट्रान्स्फर जमिनीपासून लांब गेल्यावर पहिल्यांदा करायचं नाही हो! परत फिरता येईल तोवरच थोडं घेऊन बघा, गेज खरंच वर सरकतो का. इंजिनकडून रिटर्न लाइन (न वापरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) असेल तर ती कुठल्या टाकीत जाते तेही बघा, एकीतून घेताय आणि परत येणारं पेट्रोल आधीच भरलेल्या दुसऱ्या टाकीत जातंय असं झालं तर हिशेब बोंबलला.

बूस्ट पंप, म्हणजे पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा जोडपंप, टाकीजवळ, खाली बसवा. इंजिनजवळ लावलात तर तो लांबून ओढतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी, त्यात गरम पेट्रोल, म्हणजे व्हेपर लॉकला (पाइपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडण्याला) आमंत्रणच.

सिलेक्टर व्हॉल्व्हकडे, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणाऱ्या खटक्याकडे, कुणी लक्षच देत नाही. 1997 मध्ये गायक जॉन डेन्व्हर लाँग-ईझी नावाच्या घरी बांधलेल्या ज्या विमानाच्या अपघातात वारला, त्या विमानाचा सिलेक्टर पायलटच्या डाव्या खांद्यामागे होता, त्यावर खुणासुद्धा नव्हत्या. बेल्ट आवळून बसा, समोर बघत हात पोचतो का बघा. मान वळवावी लागली तर टाकी राहू द्या, आधी सिलेक्टर हलवा.