सापाला केवढा उंदीर द्यायचा? या चुका टाळा

मागच्या जानेवारीत रात्री साडेदहाला मित्राच्या मुलीचा फोन आला. "काका, केशरनं परत उंदीर ओकला. इतका घाण वास येतोय, खोलीत थांबवत नाहीये." केशर म्हणजे तिने पाळलेली कॉर्न स्नेक, एक बिनविषारी साप. आम्ही न्यू जर्सीत एकाच गावात राहतो आणि माझ्या घरी बरीच वर्षं साप आहेत, त्यामुळे असे फोन मला येतात.

मी विचारलं, वजन किती आहे तिचं? "वजन नाही केलं कधी. पण दीड वर्षाची झाली ना ती, म्हणून अॅडल्ट माउस आणला."

दुसऱ्या दिवशी मी काटा घेऊन गेलो. डब्यात ठेवून केशरचं वजन केलं, ९२ ग्रॅम भरलं. फ्रीजरमधल्या पाकिटातला एक उंदीर ठेवला, २७ ग्रॅम. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के खाणं, एका घासात.

वयावरून उंदीर ठरवणं ही मी सर्वात जास्त वेळा पाहिलेली चूक. एकाच अंड्यांच्या घाण्यातून निघालेले दोन साप वर्षभरात एक ६० ग्रॅमचा आणि एक १५० ग्रॅमचा होऊ शकतो. खाणं अंगावरून ठरवायचं. सापाचा सर्वात जाड भाग बघा, साधारण मध्यावरचा. उंदीर तेवढाच जाड किंवा किंचित जास्त, फार तर सव्वापट. डोकं बघून ठरवू नका. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीला हाडाने जोडलेले नसतात, ताणणाऱ्या अस्थिबंधाने जोडलेले असतात. त्यामुळे इवल्याशा तोंडातून भलं मोठं भक्ष्य आत जातं. जबडा निखळतो असं म्हणतात ते खरं नाही, तो निखळत नाही, फाकतो. अडचण तोंडात नसतेच, पुढे पोटात असते.

साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही. पचन बाहेरच्या उबेवर चालतं. मोठ्या उंदराच्या आतपर्यंत पाचकरस पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उंदराच्या आतड्यातले जंतू त्याला आतून कुजवायला लागतात. कुजणं पचनाच्या पुढे गेलं की साप ते बाहेर टाकतो. केशरच्या पेटीतही थंडीमुळे उबदार बाजू ७८ फॅरनहाइटवर उतरली होती. कॉर्न स्नेकला तिथे ८५ ते ८८ लागतं. मोठा उंदीर आणि थंड पेटी, दोन्ही एकदम झालं.

दुसरी चूक पाकिटावरच्या नावावर विसंबण्याची. पिंकी म्हणजे केस न आलेलं गुलाबी पिल्लू, फझी म्हणजे लव आलेलं, हॉपर म्हणजे डोळे उघडून उड्या मारणारं. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. पण एका विक्रेत्याचा 'स्मॉल रॅट' ५० ग्रॅमचा निघतो, दुसऱ्याचा ८० चा. शिवाय माउस वेगळा आणि रॅट वेगळा: रॅटची पिंकी माउसच्या पिंकीपेक्षा कितीतरी मोठी असते. ऑर्डर करताना ग्रॅम बघा, आणि घरी आल्यावर एक-दोन नग स्वतः तोलून घ्या. काटा मात्र वेगळा ठेवा, कणकेचा नको. गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही. गोठवलेल्या उंदरांमधून माणसांना त्याची लागण झाल्याचं अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने नोंदवलं आहे. उंदीर वितळवायचं भांडंही स्वयंपाकघरातलं नको, आणि मायक्रोवेव्ह तर अजिबात नको.

उंदीर सापाच्या वजनाच्या अमुक टक्के हवा, हा हिशेब डोळे झाकून सगळ्यांना लावणं, ही तिसरी चूक. वाढत्या बॉल पायथनला (हा घरी पाळला जाणारा लहान अजगर) वजनाच्या १० ते १५ टक्के ठीक आहे. ६० ग्रॅमच्या पिल्लाला आठेक ग्रॅमचा हॉपर बरोबर बसतो. पण अंड्यातून नुकताच निघालेला कॉर्न स्नेक सात-आठ ग्रॅमचाच असतो आणि दोन ग्रॅमची पिंकी, म्हणजे पाव वजन, आरामात पचवतो. पिंकीत हाडं मऊ, केस नाहीत. उलट पूर्ण वाढलेल्या १५०० ग्रॅमच्या बॉल पायथनला पाच-सहा टक्के पुरे, म्हणजे ७५ ते ९० ग्रॅमचा उंदीर, तोही दोन ते चार आठवड्यांतून एकदा. माझा जीव इथे खरोखर तुटतो, कारण 'मोठा साप, मोठा उंदीर' म्हणून दर आठवड्याला २०० ग्रॅमचे रॅट देणारे लोक मी पाहिले आहेत. साप सरळ पसरलेला असतानाही खवल्यांमधली कातडी दिसते, शेपटीजवळ वळ्या पडतात. त्या चरबीने यकृत जातं, आणि ते बाहेरून कळत नाही.

फार लहान उंदीर देण्यात धोका कमी. साप गिळून लगेच इकडेतिकडे शोधत फिरला आणि पोटावर उंचवटाच दिसला नाही, तर पुढच्या वेळी एक पायरी वर जा. मोठा हाताशी नसेल तर दोन लहान द्या. खाल्ल्यावर अंगावर हलका फुगवटा दिसला आणि तो दिवसा-दोन दिवसांत उतरला, की माप जमलं.

अर्धा गिळून साप थांबला तर ओढू नका. दात मागे वळलेले असतात, ओढल्याने तुटतात. झेपत नसेल तर तो स्वतःच सोडून देतो.

आणि ओकलाच तर? घाईने दुसरा उंदीर देऊ नका. दहा ते चौदा दिवस फक्त ताजं पाणी. घसा आणि पोट पोळलेलं असतं. तेवढ्यात थर्मामीटरने ऊब तपासा. मग नेहमीच्या निम्म्या मापाचं खाणं द्या आणि नंतर ४८ तास सापाला हात लावू नका. केशरला आम्ही बाराव्या दिवशी पाच ग्रॅमची फझी दिली. ती टिकली, मग दहा दिवसांनी पुन्हा पाच ग्रॅमच, आणि मार्चमध्ये ती ११ ग्रॅमच्या हॉपरवर आली. माप आणि ऊब बरोबर असूनही साप पुन्हा ओकला, किंवा उपाशीपोटीही मध्यावर गाठीसारखी सूज दिसली, तर क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. जाताना विष्ठेचा ताजा नमुना, आणि सापाची व उंदरांची वजनं लिहिलेली वही सोबत न्या.