वागणं बदललंय म्हणजे नेमकं काय? डिमेन्शियाच्या तपासणीत या चुका टाळा

घरातल्या वयस्कर माणसाला डिमेन्शिया आहे म्हटलं की सगळे विसरण्याबद्दल बोलतात. चष्मा कुठं ठेवला, जेवण झालं का, नातवाचं नाव काय. पण घरातली माणसं खचतात ती संशयानं, रात्रीच्या जागरणांनी, आंघोळीवरून होणाऱ्या झटापटींनी. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आलॉइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ज्या बाईंना तपासलं, त्यांच्या आजाराचं पहिलं ठळक लक्षण नवऱ्यावरचा संशय हेच होतं. वागण्यातले बदल हा या आजाराचाच भाग आहे, आणि ते पारखायला सगळ्यात मोठी मदत घरच्यांची होते. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, डॉक्टरांना त्या थोड्या वेळात जे दिसतं त्याच्या कितीतरी पट तुम्ही घरी पाहिलेलं असतं. म्हणून सांगण्यातली चूक थेट उपचारात उतरते.

वर्णनाऐवजी शिक्का मारणं

‘आबा लय चिडतात.’ ‘आक्का रात्री भटकतात.’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. किती वाजता, कुठं, समोर कोण होतं, त्याच्या आधी काय घडलं, नंतर तुम्ही काय केलं आणि माणूस कशानं शांत झाला, हे हवं.

समजा, कागलकडच्या एका घरात आबा पहाटे साडेतीनला उठतात, दाराची कडी काढतात आणि अडवलं की हात उगारतात. कागदावर ‘रात्री भटकणं, आक्रमकपणा’ अशी नोंद होते आणि झोपेची गोळी सुरू होते. थोडं मागचं विचारलं की कळतं, या माणसानं जन्मभर त्या वेळेला उठून म्हशींच्या धारा काढल्या आणि डेअरीला दूध घातलं. म्हशी विकल्या, गोठ्यात आता मोटारसायकली लागतात, तरी अंगातली वेळ गेलेली नाही. अडवलं नाही तर हात उगारला जात नाही, हेही मग लक्षात येतं. कुणीतरी सोबत गोठ्यापर्यंत जाऊन आलं, चहा दिला, तर आबा बऱ्याचदा पुन्हा पडतात. गोळीनं मात्र तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. प्रत्येक वागण्यामागं इतकं सरळ कारण सापडत नाही, पण शोधायच्या आधीच गोळी दिली तर ते कधीच सापडणार नाही.

आठवडाभर एक वही ठेवा. वेळ, आधी काय झालं, काय केलं, नंतर काय झालं, इतकंच लिहा. घरात काही बदललं असेल तर तेही टिपा. महापुरात पाहुण्यांकडे राहायला जाणं, नवी खोली, सांभाळणारी बाई बदलणं, यांनी वागणं बिघडू शकतं. मोबाइलवर छोटं चित्रण केलंत तर डॉक्टरांना उपयोग होतो, पण ते फक्त डॉक्टरांना दाखवा. भावकीच्या ग्रुपवर आईची अशी अवस्था फिरवणं हा तिचा अपमान आहे.

दोन दिवसांतला बदल डिमेन्शियाच्या नावावर टाकणं

ही सगळ्यांत घातक चूक. डिमेन्शिया बहुतेक वेळा महिन्या-वर्षांच्या चालीनं वाढतो. परवापर्यंत ठीक असलेला माणूस आज बरळतोय, बोलताना त्याचं लक्ष टिकत नाही, सकाळी बरा आणि दुपारी पार गोंधळलेला, असं असेल तर तो डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवलेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारणं बहुधा शरीरात असतात: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, सोडियम किंवा साखर उतरणं. दारू अचानक बंद केल्यानंही होतो. पंधरा-वीस दिवसांपूर्वी आजी मोरीत घसरली होती आणि ‘काही लागलं नाही’ म्हणून विषय सोडून दिला होता, तर ते जरूर सांगा; म्हातारपणी मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाश साचतो आणि उशिरा दिसतो.

डिलिरियममध्ये प्रत्येक जण आरडाओरडा करतोच असं नाही. काही जण नुसते गुंगीत पडून राहतात, आणि आज त्रास नाही म्हणून घरच्यांना बरंच वाटतं. हा शांत प्रकार सर्रास नजरेतून सुटतो.

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली सर्दीची गोळी, झोपेची गोळी, लघवी धरून ठेवण्याची गोळी, कंप थांबवण्यासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल, यांनी म्हाताऱ्या मेंदूचा गोंधळ वाढतो. चूर्ण, काढाही पिशवीत टाका.

एकालाच विचारणं, तेही रुग्णासमोर

आपल्याकडे दवाखान्यात बोलतो मुलगा. आईला आंघोळ घालते, रात्री तिच्याबरोबर जागते, ‘माझी बोरमाळ तूच चोरलीस’ हे ऐकून घेते ती सून, आणि ती दाराजवळ उभी असते. शनिवारी पुण्याहून येणाऱ्या मुलाला आई बरी वाटते यात त्याचा दोष नाही. पाहुणा आला की असे रुग्ण थोडा वेळ सावरून बोलतात. पण माहिती सुनेकडे आहे. तिला वेगळं बसवून विचारायला डॉक्टरांना सांगा. सासूच्या देखत ती बोलणार नाही आणि बोलली तर सासूला ते लागेल.

यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, न्यूरोसायकिअॅट्रिक इन्व्हेंटरी. जेफ्री कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी ती १९९४ मध्ये मांडली. संशय, भास, चिडचिड, नैराश्य, उदासीनता, झोप, भूक अशा १२ बाबींवर रुग्णाची काळजी घेणाऱ्याला विचारतात. प्रत्येक लक्षण किती वेळा दिसतं याला १ ते ४ आणि किती तीव्र आहे याला १ ते ३ गुण देऊन दोन्हींचा गुणाकार करतात. काळजी घेणाऱ्याला त्याचा किती त्रास होतो हे ० ते ५ मध्ये वेगळं मोजतात. हा वेगळेपणा मला फार मोलाचा वाटतो. सून थकली आहे म्हणून ती वाढवून सांगते असं कुणी म्हणू नये, आणि तिचा थकवा रुग्णाच्या गुणांत मिसळूही नये. दोन्ही खरं आहे, दोन्हीवर उपाय हवा. तिला बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

इथं दोन गोष्टी बिघडतात. पहिल्यांदा सुनेनं उत्तरं दिली आणि पुढच्या वेळी मुलानं, तर गुण कमी झाले याचा अर्थ काहीच लागत नाही. दुसरं, नुसती बेरीज बघणं. १६ गुण उदासीनता आणि भुकेचे असतील तर एक उपचार, संशय आणि मारहाणीचे असतील तर दुसरा.

आणखी एक. पैसे चोरीला गेले असं आजी म्हणत असेल तर आधी खरंच गेलेत का ते पाहा. विसरभोळ्या माणसाचा अंगठा घेऊन पैसे काढणारे नातेवाईक असतात.

शांत आहे म्हणजे बरं आहे असं धरणं

रोज तालमीच्या कट्ट्यावर बसणारे अण्णा आताशा घराबाहेर पडत नाहीत. कुणाला त्रास नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. उदासीनता हे डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे. नैराश्यात माणूस रडतो, ‘मी तुम्हाला भार झालोय’ म्हणतो, त्याला आतून यातना होतात. उदासीनतेत यातना दिसत नाहीत, स्वतःहून काही करावंसंच वाटत नाही. नैराश्याच्या गोळीनं उदासीनता जाईलच असं नाही, म्हणून दोन्ही वेगळी ओळखावी लागतात. कॉर्नेल नैराश्य मोजपट्टीच्या १९ मुद्द्यांसाठी घरच्यांशी आणि रुग्णाशी, दोघांशी बोलतात ते यासाठीच.

दुखणंही असंच मुकं राहतं. नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांमध्ये २०११ च्या एका अभ्यासात वेदनेवर पायरीपायरीनं उपचार केल्यावर ८ आठवड्यांत रुग्णांची अस्वस्थता १७ टक्क्यांनी घटली. दाढ, गुडघा, न बसणारी कवळी, मळानं भरलेला कान हे आधी तपासा.

आजार कोणता हे न बघता गोळी

लहान मुलं किंवा प्राणी स्पष्ट दिसणं, हालचाली मंदावणं, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, ही लेवी बॉडी या डिमेन्शियाच्याच एका प्रकाराची चिन्हं असू शकतात. अशा माणसाला भास थांबवायला हॅलोपेरिडॉल दिलं तर शरीर ताठरून जीवावर बेतू शकतं. दवाखान्यात ही तिन्ही लक्षणं न विचारताही सांगा.

पन्नाशीतला माणूस अचानक निर्लज्ज बोलू लागला, घरच्यांच्या दुःखानं हलत नाही, सारखं गोड खातो, पण स्मरणशक्ती शाबूत आहे, तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा, म्हणजे आधी वागणं बिघडवणाऱ्या प्रकाराचा, विचार व्हावा. त्याला ‘बिघडला’ ठरवून घराबाहेर काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पार्किन्सनच्या रुग्णाला प्रामिपेक्सोल सुरू झाल्यावर जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागला असेल तर डॉक्टरांना ताबडतोब सांगा, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

संशय-भासांवरच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्ये दिला. तरी कधी कधी ती द्यावीच लागतात. दिली तर सुरू करण्याआधीची वही जपून ठेवा, काही आठवड्यांनी त्याच व्यक्तीनं तेच प्रश्न पुन्हा भरावेत, आणि उपयोग झाला असला तरी चार महिन्यांच्या आत डोस कमी करून पाहता येईल का, हे डॉक्टरांना तुम्हीच विचारा.