वेबपानातली संरचित माहिती: ब्राउझरसाठी फॉरमॅट कसे निवडावेत

वेबपानात कार्यक्रमाची तारीख, संपर्क असे तपशील यंत्राला वाचता येतील अशा ठरावीक रूपातही लिहिलेले असतात, तीच संरचित माहिती. तिच्या फॉरमॅटांची तुलना करण्याआधी ब्राउझर त्या माहितीचं काय करणार हे ठरवा. कार्यक्रम कॅलेंडरमध्ये टाकणं, संपर्क जतन करणं, अशी दोन-तीन कामं पुरेत. वापरकर्त्याला उपयोग दिसला नाही तर उत्तम पार्सरही (माहिती वाचून तिचे भाग वेगळे करणारा प्रोग्रॅमही) टिकत नाही. उदाहरणार्थ, फायरफॉक्समध्ये मायक्रोडेटाचा (एचटीएमएल टॅगांमध्येच माहिती लिहिण्याच्या फॉरमॅटचा) डॉम एपीआय, म्हणजे ती माहिती स्क्रिप्टला वाचू देणारी सोय, होता. क्रोमने तो कधी चालू केला नाही आणि फायरफॉक्सनेही ४९व्या आवृत्तीत काढून टाकला.

सुरुवात जेसन-एलडीपासून (जेसन या मजकुरी डेटा-फॉरमॅटमध्ये लिहिलेल्या संरचित माहितीपासून) करा. ती एका स्क्रिप्ट टॅगमध्ये एकत्र असते, आणि जेसनचा पार्सर ब्राउझरमध्ये असतोच. अडचणी पुढे येतात. एका पानावर असे अनेक टॅग असू शकतात. त्यातला एखादा जादा स्वल्पविरामामुळे फुटला तर तेवढाच सोडा, बाकीचे वाचा. सर्वात बाहेर ऑब्जेक्ट (एकच वस्तू), ॲरे (यादी) किंवा '@ग्राफ' (अनेक वस्तू एकत्र ठेवणारा भाग), काहीही असू शकतं. '@टाइप'मध्येही (वस्तूच्या प्रकारातही) कधी एक नाव, कधी यादी. स्कीमा.ऑर्गचा (अशा माहितीसाठी ठरवलेल्या सामायिक शब्दसंग्रहाचा) पत्ता एचटीटीपी असो वा एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ असो वा नसो, एकच माना. '@कॉन्टेक्स्ट'मधली (नावांचे अर्थ सांगणारी) फाइल मात्र नेटवरून कधीही आणू नका: पान रेंगाळतं, आणि कोण काय वाचतंय हे तिसऱ्याच सर्व्हरला कळतं. स्कीमा.ऑर्गचा कॉन्टेक्स्ट ब्राउझरमध्येच ठेवा.

जेसन-एलडीची खरी उणीव वेगळी आहे. ती पानावर दिसत नाही, त्यामुळे मजकुरातली तारीख बदलते आणि टॅगमधली जुनीच राहते. म्हणून कॅलेंडरमध्ये नोंद करण्याआधी तपशील दाखवून होकार घ्याच.

दुसरा क्रम मायक्रोडेटाचा. किंमत (व्हॅल्यू, म्हणजे गुणधर्माचा मजकूर) काढताना नेहमीची चूक म्हणजे सरसकट मजकूर उचलणं. टाइम टॅगमध्ये 'डेटटाइम' असेल तर तीच किंमत. मेटामध्ये 'कॉन्टेन्ट' घ्या, दुव्यात 'एचरेफ' घेऊन पूर्ण पत्ता बनवा. 'आयटमरेफ' (पानावरच्या दुसऱ्या घटकाकडे बोट दाखवणारा ॲट्रिब्यूट) फिरून स्वतःकडेच येऊ शकतो, तेव्हा भेट दिलेले घटक नोंदवत चला.

आरडीएफए (टॅगांच्या ॲट्रिब्यूटांमध्ये माहिती लिहिण्याचा आणखी एक फॉरमॅट) पूर्ण हाती घेऊ नका. त्याच्या छोट्या रूपाचे, आरडीएफए लाइटचे, पाच ॲट्रिब्यूट बहुतेक गरजा भागवतात. मायक्रोफॉरमॅट्स (टॅगच्या क्लास-नावांतून माहिती सांगणारे) घ्यायचे तर दुसरी आवृत्ती घ्या. तिथे 'पी-', 'यू-', 'डीटी-', 'ई-' या उपसर्गांवरून किंमत कशी वाचायची ते कळतं, दर प्रकारासाठी वेगळा पार्सर लिहावा लागत नाही.

हे सगळं आत एकाच रचनेत आणा आणि बाहेर देताना आयकॅलेंडर (कॅलेंडरच्या नोंदीचा फाइल-फॉरमॅट) किंवा व्हीकार्ड (संपर्काचा फाइल-फॉरमॅट) करा. वेळेला टाइमझोन नसेल तर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) गृहीत धरू नका, वेळ तशीच ठेवा. आयकॅलेंडरची ओळ ७५ बाइटांच्या आत मोडायची असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, म्हणून ओळ चिन्हाच्या मधोमध तुटणार नाही याची चाचणी मराठी शीर्षकावरच करा.