मटकीला मोड: वर्गात करायचा आहाराचा धडा

पाचवी-सहावीच्या मुलांकडून आहाराचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा त्यांच्या हाती मटकी द्या. पाच जणांच्या गटाला 100 ग्रॅम पुरते. रात्री एकाने घरी तिप्पट पाण्यात भिजवावी, सकाळी उपसून आणावी. न फुगलेले गणंग दाणे मुलांनीच वेचावेत. मग ओल्या सुती फडक्यात पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवा. शाळा सुटताना पाण्याचा हबका मारा. दुसऱ्या दिवशी पांढरे मोड फडक्यातून डोकावतात. थंडीत जास्त वेळ लागतो.

बिघडतं ते बहुतेक निथळण्यात. पाणी राहिलं तर दाण्यांना हवा मिळत नाही, मटकी बुळबुळीत होऊन आंबते. ती टाकाच, पण आधी कारण मुलांना शोधू द्या. खरं शिक्षण तिथेच होतं. फडकं सुकलं तर मोड खुंटतात.

कोरडी आणि मोडाची मटकी तोलून वजन फळ्यावर लिहा. वाढलं ते पाणी, हे आवर्जून सांगा. कच्चे मोड देऊ नका, ओलसर उबेत जंतूही वाढतात. 10-15 मिनिटं वाफवून कांदा, लिंबू, मीठ घाला.

खाताना शेजारी वेफर्सचं पाकीट ठेवून त्यावरचं मीठ-तेल वाचायला लावा. फडकं धुऊन पुन्हा वापरता येतं, पाकीट कुठे जातं?