जुन्या हॅलोवीन वस्तू ऑनलाइन घेताना बनावट माल कसा ओळखावा

अमेरिकेत ऑगस्ट संपत आला की ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन सणाच्या जुन्या वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री जोर धरते. भोपळ्याच्या चेहऱ्याचे कागदी लगद्याचे कंदील, पुठ्ठ्यातून कापलेल्या काळ्या मांजरी आणि चेटकिणी, पत्र्याचे खुळखुळे, पोटात खाऊ भरून द्यायच्या पोकळ बाहुल्या या सगळ्यांना आज मोठी किंमत येते, आणि चांगल्या स्थितीतला जर्मन कंदील सहज काही शे डॉलरला जातो. एवढा पैसा जिथे फिरतो तिथे नक्कल होणारच. गेली काही वर्षे मी न्यू जर्सीत राहून या वस्तू जमवते आहे, आणि माझ्या अनुभवाचे सार असे की नक्कल करणारा सगळी मेहनत दर्शनी बाजूवर घेतो. आतली बाजू, तळ, पाठ आणि कडा यांच्याकडे त्याचे लक्ष कमी असते, म्हणून आपले लक्ष नेमके तिथे हवे.

या वस्तू आल्या कुठून हे आधी माहीत असावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅलोवीनच्या घरगुती मेजवान्या रूढ होत गेल्या आणि त्यांच्या सजावटीचा बराच माल जर्मनीतून, विशेषतः खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या थुरिंजिया प्रांतातल्या झोनेबर्ग परिसरातून येत असे. तिथे कुटुंबेच्या कुटुंबे घरी बसून लगदा साच्यात दाबत, वाळवत आणि रंगवत. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा तुटला, नंतर पुन्हा सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धाने तो पुन्हा तोडला. दरम्यान अमेरिकी कारखाने पुढे आले. १९०० साली पिट्सबर्गमध्ये सुरू झालेली आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्याच शिपेन्सबर्गला गेलेली बाइस्टल कंपनी पुठ्ठ्याच्या कापीव आकृत्यांसाठी आणि मधाच्या पोळ्यासारख्या उलगडणाऱ्या टिश्यू कागदासाठी ओळखली जाते, तर मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन कंपनी क्रेप कागदासाठी. डेनिसनने १९०९ पासून काढलेल्या सजावटीच्या पुस्तिका आजही उपयोगी पडतात, कारण त्या काळी प्रत्यक्षात काय विकले जात होते हे त्यांच्या चित्रांतून कळते. हा सगळा माल एका रात्रीपुरता केलेला होता. दुसऱ्या दिवशी तो फाटे, जळे किंवा कचऱ्यात जाई, म्हणून आज उरलेला माल थोडा आहे आणि त्यावर वापराच्या खुणा आहेत. एखाद्या विक्रेत्याकडे तोच 'दुर्मीळ' कंदील दर महिन्याला नव्याने विक्रीला येत असेल, तर बाकी काही तपासायचीही गरज नाही.

अस्सल नसलेल्या वस्तू सगळ्या एकाच जातीच्या नसतात. पहिला प्रकार उघड प्रतिकृतीचा. बाइस्टल कंपनीने स्वतःच आपली जुनी चित्रे नव्याने छापून विकली आहेत आणि जुन्या धाटणीच्या बाहुल्या करणारे कलाकारही आपल्या सहीने त्या विकतात. यात कोणतीही फसवणूक नाही. फसवणूक होते ती पुढच्या हाती, जेव्हा कुणी ती सही खरवडून काढतो, कागद चहात बुडवतो आणि तीच वस्तू '१९२० च्या सुमाराची' म्हणून विकायला ठेवतो. दुसऱ्या प्रकाराला संग्राहक 'फँटसी' म्हणतात, म्हणजे जुन्या काळी जी वस्तू कधी झालीच नाही ती जुनी म्हणून खपवणे. ही पकडायला सर्वांत अवघड, कारण शेजारी ठेवून ताडून पाहायला अस्सल नमुनाच नसतो. तिसरा प्रकार जोडकामाचा, ज्यात जुन्या धडाला नवे डोके किंवा जुन्या कंदिलाला नवे डोळे लावलेले असतात. दुरुस्ती हा गुन्हा नव्हे, पण ती सांगितलीच पाहिजे, कारण किंमत तिच्यावर ठरते.

कंदिलांचा विचार सविस्तर करू, कारण सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक फसवणूक तिथेच आहे. जर्मन कंदिलाची भिंत पातळ असते, तिच्यावर खडूसारखा बारीक थर आणि त्यावर रंग असतो. १९३० ते १९५० च्या दशकांतला अमेरिकी कंदील मात्र अंड्यांच्या खोक्यासारख्या खरबरीत लगद्याचा असतो. दोन्ही हाताला आश्चर्य वाटावे इतके हलके लागतात. ज्यांनी कागदी लगद्याची गणेशमूर्ती उचलली आहे, त्यांना हा हलकेपणा आणि टिचकी मारल्यावर येणारा पोकळ, कोरडा आवाज चांगला परिचयाचा असेल. नकली कंदील बहुधा जाड आणि जड असतो. फोटोतून वजन कळत नाही, म्हणून विक्रेत्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वस्तू ठेवून आकडा दिसेल असा फोटो मागावा, आणि उंचीसाठी शेजारी पट्टी ठेवायला सांगावे.

कंदिलाच्या डोळ्यांच्या आणि तोंडाच्या भोकांमागे आतून पातळ रंगीत कागद चिकटवलेला असतो, ज्यातून मेणबत्तीचा उजेड झिरपतो. हा कागद सर्वांत नाजूक भाग असल्याने तोच आधी फाटतो आणि सर्वाधिक वेळा बदलला जातो. जुना कागद ठिसूळ आणि पिवळट झालेला असतो, त्याच्या दुमडलेल्या जागी तडे दिसतात आणि जुना डिंक काचेसारखा तपकिरी होऊन सुकलेला असतो. संगणकाच्या प्रिंटरवर छापलेला बदली कागद भिंगाखाली लगेच उघडा पडतो. तारेची मूठही नीट पाहावी. अनेक वर्षे भोकांत बसलेल्या लोखंडी तारेचा गंज हळूहळू आसपासच्या रंगात उतरतो आणि भोकाभोवती तपकिरी वलय धरतो. तार गंजलेली पण भोकाची कड स्वच्छ असेल, तर ती तार तिथे अलीकडेच बसवलेली आहे.

सहा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी असाच एक कंदील घेतला होता. चार फोटो होते, चारही समोरून काढलेले, आणि त्या हसऱ्या तोंडावर मन इतके जडले की आतला फोटो मागायचे मी टाळले. कंदील घरी आल्यावर दिव्याखाली धरून आत पाहिले. तळाशी आणि बाजूंना काजळी होती, पण वरच्या उघड्या तोंडाच्या कडेला तिचा मागमूस नव्हता. ज्योतीची काजळी वर जाते, आधी वरची कड काळी करते, आणि इथे ती खालीच साचली होती. बोट फिरवले तर ती पूड होऊन बोटाला लागली. मग खोलीत अंधार करून अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च आत धरली, तेव्हा डोळ्यांमागचा कागद निळसर पांढरा लखलखला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची चमकदार रसायने साधारण १९५० नंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे त्याआधीचा कागद त्या प्रकाशात असा उजळत नाही. एकच सावधगिरी हवी. कागद उजळला म्हणजे तो भाग नंतरचा हे खरे, पण तो उजळला नाही म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, कारण आजही अशा रसायनांविना कागद मिळतो. शिवाय १९५० नंतरच्या अस्सल वस्तूंचा कागदही उजळू शकतो.

पुठ्ठ्याच्या कापीव आकृत्यांसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. जुन्या जर्मन आकृत्या अनेक रंगांच्या दगडी छपाईच्या असून त्यांना दाबून उठाव दिलेला असतो, म्हणून मांजराचा गाल समोरून फुगलेला असेल तर पाठीमागे त्याच जागी खळगा सापडला पाहिजे. समोर उठाव भासतो आणि पाठ सपाट आहे, याचा अर्थ तो उठाव केवळ छापलेल्या सावलीचा आहे. भिंगातून इंकजेट प्रिंटरचे इवलेसे निळे, गुलाबी, पिवळे शिंतोडे दिसले तर विषय तिथेच संपतो. ओळीत बसवलेले छपाईचे ठिपके मात्र पुढच्या दशकांतल्या अस्सल अमेरिकी मालावरही असतात, म्हणून केवळ ठिपक्यांवरून अस्सल माल नाकारू नये. माझा सर्वांत भरवशाचा पुरावा वेगळाच आहे. नक्कल करणारा जुनी आकृती स्कॅन करतो तेव्हा तिच्यावरची घडी, डाग आणि टाचणीचे भोकसुद्धा चित्रात उतरते. डोळ्यांना घडी दिसते पण बोटाला ती लागत नाही, टाचणीचे भोक दिसते पण उजेडासमोर धरले तर आरपार प्रकाश येत नाही. विक्रेत्याने पाठीमागे दिवा ठेवून एक फोटो काढला तरी हे स्पष्ट होते. कडाही पाहाव्यात. पोलादी साच्याने कापलेल्या पुठ्ठ्याची कड एका बाजूला किंचित वळलेली असते, तर लेझरने कापलेली कड जळकट तपकिरी दिसते.

पोस्टकार्डांचे पुनर्मुद्रण भरपूर झाले आहे, पण ती ओळखणे त्या मानाने सोपे आहे. अमेरिकेत कार्डाच्या पाठीवर डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहिण्याची मुभा १ मार्च १९०७ पासून मिळाली, त्यामुळे तशी विभागलेली पाठ असलेले कार्ड त्याआधीचे म्हणून विकले जात असेल तर विक्रेता चुकतो आहे किंवा चुकवतो आहे. खऱ्या वापरलेल्या कार्डावर टपालाचा शिक्का तिकिटावरून कार्डावर ओघळलेला असतो आणि तिकिटाची कड नखाला जाणवते.

पत्र्याच्या खुळखुळ्यांत चित्र थेट पत्र्यावर छापून मग पत्रा वाकवलेला असतो, म्हणून वळणाच्या रेषेवर रंग ताणलेला किंवा बारीक तडकलेला दिसतो. वरून कागद चिकटवलेला असेल तर त्याची कड कुठेतरी सुटलेली सापडतेच. नेवार्कच्या किर्चहॉफ कंपनीचे किंवा टी. कोन या उत्पादकाचे नाव अशा मालावर नेहमी दिसते. लाकडी मुठीची झीज हाताच्या पकडीच्या जागी असावी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिश पेपरची करामत. १९५० च्या दशकातल्या कडक प्लास्टिकच्या बाहुल्यांबाबत एवढेच पुरे की त्या हलक्या असतात आणि त्यांवर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण दिसते. रेझिनमध्ये ओतलेली नक्कल जड असते आणि तिच्यात हवेचे बुडबुडे राहतात.

ठसे आणि पत्ते यांच्यावर लोक फार विसंबतात. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे बंधनकारक केले, म्हणून जुन्या मालावर 'जर्मनी' असा ठसा आढळतो. पण रबरी शिक्का आज कुणीही करून घेऊ शकतो. ठसा ताजा, ठळक आणि रंगाच्या वर बसलेला दिसला तर तो संशय वाढवतो. याच्या उलट, एखादी खूण वस्तू जुनी नाही हे मात्र निर्विवाद सिद्ध करू शकते. 'पश्चिम जर्मनी' हे नाव १९४९ पूर्वीचे असू शकत नाही, 'व्याप्त जपान' ही खूण युद्धोत्तर ताब्याच्या काळाची, म्हणजे १९५२ पर्यंतचीच. खोक्यावरच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकी पिन कोड) असेल तर ते खोके १९६३ चे किंवा त्यानंतरचे, आणि काळ्या पट्ट्यांचा बारकोड असेल तर १९७४ च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे. '१९५० चा बंद खोक्यातला पोशाख' घेताना खोक्याची तळबाजू मागून घ्यावी.

विक्रीचा मजकूर वकिलाच्या नजरेने वाचावा. 'व्हिंटेज स्टाइल', 'जुन्या धाटणीचा' हे शब्द वस्तू नवी असल्याची कबुली आहेत, फक्त ती मोठ्याने दिलेली नाही. जुन्या आणि हस्तकलेच्या वस्तूंच्या एट्सी या संकेतस्थळावर वीस वर्षांची कोणतीही वस्तू 'व्हिंटेज' म्हणून विकता येते, तेव्हा त्या शब्दाने १९२० सिद्ध होत नाही. 'आजीच्या माळ्यावर सापडला, मला यातले काही कळत नाही' या वाक्याने विक्रेता जबाबदारी झटकतो आणि आपल्या मनात मात्र घबाड सापडल्याची भावना जागवतो. प्रामाणिक माणसेही हे वाक्य लिहितात, म्हणून केवळ त्यावरून कुणाला लबाड ठरवू नये, पण आतला, तळाचा आणि पाठीचा असे तीन फोटो नम्रपणे मागावेत. ज्याचा माल खरा आहे तो बहुधा आनंदाने पाठवतो. तेच फोटो इंटरनेटच्या चित्रशोधात टाकून आधी कुठे वापरले गेले आहेत का ते पाहावे, विक्रेत्याच्या इतर आणि विकून झालेल्या वस्तू चाळाव्यात, आणि 'ही १९४० पूर्वीची अस्सल वस्तू आहे' असे विधान लेखी मागावे. पैसे नेहमी संकेतस्थळाच्या व्यवस्थेतूनच द्यावेत, कारण बाहेरून पाठवलेल्या पैशांना तक्रारीचा आधार उरत नाही.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा आणि तपासणी त्याच दिवशी करावी, कारण परताव्याची मुदत थोडी असते. वस्तू खोटी निघाली तर संकेतस्थळावर 'वर्णनाप्रमाणे नाही' हेच कारण निवडावे आणि भिंगातले, अतिनील प्रकाशातले फोटो जोडावेत. माझ्या वेळी मुदत उलटून गेली होती, त्यामुळे तो कंदील माझ्याकडेच राहिला. त्याच्या आतल्या तळावर मी न पुसणाऱ्या शाईने 'नवी प्रतिकृती' असे मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवले आहे, म्हणजे उद्या तो माझ्या हातून सुटला तरी पुढच्या माणसाने आत डोकावताच त्याला ते दिसेल.