कंपनीच्या सुरक्षा विभागात नव्याने येताय? गेटबाहेरचंही बघा

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत सुरक्षा किंवा ॲडमिनला रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा एकच काम सांगते: आपली जागा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते बघा आणि काही घडलेलं नसताना बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, भेटून या. चोरी झाल्यावर झालेली ओळख तक्रारीपुरतीच राहते.

1960च्या दशकात हा पट्टा केमिकल कारखान्यांचा होता. आता ऐरोली, महापे, रबाळे इथे आयटी आलं आणि काम रात्रभर चालू लागलं. पोलीस आणि कंपन्या एकत्र आल्याचा सगळ्यात मोठा फायदा मला दिसतो तो बायकांच्या रात्रपाळीत. महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, शिवाय सुरक्षेची आणि घरी सोडण्याची सोय कंपनीने करायची. पण कॅब दिघ्याच्या किंवा घणसोली गावठाणाच्या गल्लीत शिरली की तिथे कंपनीचं काही चालत नाही, तिथे पोलिसांची गस्तच उपयोगी पडते. म्हणून ड्रायव्हरची पोलीस पडताळणी करून घ्या, रात्रीचे मार्ग पोलीस ठाण्याला सांगून ठेवा, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत मुलगी गाडीत एकटी राहणार नाही असा क्रम लावा. कळवा-दिव्याच्या कितीतरी घरांत मुलीला रात्रपाळीला पाठवायचं की नाही, हे या व्यवस्थेवरच ठरतं. तिचा पगार त्या घरात येतो, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला रात्रीचं भाडं मिळतं.

पोलिसांना कॅमेऱ्याचं फुटेज देताना फार काळजी घ्या. तोंडी मागणीवर पेनड्राइव्ह हातात ठेवू नका, लेखी पत्र घ्या. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ बऱ्याचदा पुढे-मागे असतं, तो फरक तिथेच लिहून ठेवा. कोर्टात बचावाचा वकील नेमकं तेच विचारतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा तिचा डिजिटल ठसा. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, त्यामुळे घटना कळली की कॉपी लगेच काढा.

पोलिसांना बॅरिकेड, वाहनं, कॅमेरे देणगी म्हणून द्यायचा विषय निघेलच. ते पोलीस आयुक्तालयामार्फत, कागदावर होऊ दे. ज्याने कॅमेरे दिले त्याची तक्रार आधी आणि वस्तीतल्या बाईची नंतर, असं झालं तर या भागीदारीने विषमताच वाढवली म्हणायची. मला हे मनापासून खुपतं. कॅमेरा कुठे बसवायचा यात आपला शब्द चालत असेल तर तो गेटसमोर नको, स्टेशनकडून येणाऱ्या पायवाटेवर मागा.

गेटवर बारा-बारा तास उभा राहणारा गार्ड सगळ्यात जास्त बघतो आणि त्यालाच कुणी विचारत नाही. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीकडे 2005च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का, गार्डचं प्रशिक्षण झालंय का, पीएफ भरला जातो का, हे दर महिन्याला तपासा. पोलिसांबरोबरच्या बैठकीला एका गार्डला तरी घेऊन जा. कोणत्या वळणावर अंधार असतो ते तो सांगेल. ते इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि एक प्रत महापालिकेला, एक एमआयडीसीला पाठवा, कारण रस्त्यावरचे दिवे पोलिसांकडे नसतात.